दारूगोळ्याच्या पेटीत बियाणं

श्रोतेहो, कुंडल हे नाव घेतलं की सातारा-सांगलीकडच्या माणसाला पहिली आठवण होते ती प्रतिसरकारची. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, तुफान सेना ही नावं इथल्या पोराटोरांना पाठ आहेत. लढ्याचा इतिहास सांगताना आपण बंदुकीविषयी बोलतो, काडतुसाविषयी बोलतो. पण काडतूस ज्या पेटीतून येतं त्या पेटीविषयी कोणी बोलत नाही. आज त्या पेटीविषयीच चार शब्द सांगायचे आहेत. लढाई संपते, काडतूस उडून जातं, पेटी तेवढी मागे राहते. मग ती कोणाच्या घरात जाते आणि तिथं काय काम करते, हाही इतिहासच आहे. आणि तो आपल्या बी-बियाण्यापर्यंत अन् सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचतो.

आधी पेटी कशी असते ते पाहू. माजी सैनिकाच्या घरात, जुन्या बाजारात किंवा मोटार दुरुस्तीच्या दुकानात ही पेटी तुम्ही पाहिली असेल. जाड पोलादी पत्र्याची, हिरवट रंगाची, अरुंद आणि उभट. वर मुडपणारी मूठ, एका अंगाला बिजागरी, दुसऱ्या अंगाला दाबून बसवायची कडी. झाकणाच्या आत चारी कडांनी रबराची पट्टी. कडी दाबली की झाकण त्या रबरावर घट्ट बसतं आणि आत ना पाणी शिरत, ना दमट हवा. मशीनगनच्या मोठ्या काडतुसांची जी पेटी सर्रास दिसते, ती आतून सुमारे ११ इंच लांब, साडेपाच इंच रुंद आणि सात इंच उंच असते. कुलूप नाही, किल्ली नाही. एका हातानं उचलावी, एका हातानं उघडावी, अशी सगळी रचना.

आता प्रश्न असा की पत्र्याच्या पेटीला एवढा घाट कशासाठी? उत्तर एका शब्दात आहे: सर्दी. माणसाला होते ती नव्हे, मालाला लागते ती. दारूला ओल लागली की ती फुकट गेली. आणि ही गोष्ट काही साहेबानं आपल्याला शिकवलेली नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र इसवी सन १७१५-१६ च्या सुमाराचं. त्यात किल्ल्यावरचा दारूखाना कसा असावा ते सांगितलं आहे. दारूखाना राहत्या घराजवळ असू नये. तळघर करावं, त्याला गच्ची म्हणजे चुन्याचा पक्का थर द्यावा. आत लाकडी माच घालावा आणि दारूची मडकी त्या माचावर, जमिनीपासून उंच ठेवावीत. सर्दी लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन माल बाहेर काढावा, त्याला ऊन दाखवावं, आणि पुन्हा मोहोर करून आत ठेवावा.

शेतकरी बंधूंनो, हे ऐकताना तुम्हाला काय आठवलं? आपल्या घरची आजी जोंधळ्याला आणि डाळीला उन्हं देते, तेच की हे! खाली लाकडी फळ्या किंवा विटा मांडून वर पोती रचायची, कणगी शेणामातीनं लिंपायची, उतरंडीच्या मडक्याचं तोंड बांधून टाकायचं. गडावरचा हवालदार आणि घरातली आजी एकाच शत्रूशी लढत होती. दारू राखायची विद्या आणि दाणा राखायची विद्या या सख्ख्या बहिणी आहेत.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, ती याच विद्येतली. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. कारण तोंड बंद केलं की आतली हवा कोंडली जायची, आणि कोंडलेल्या हवेत किड्याला जगता येत नाही. पण पेवाचा भरवसा कोरड्या जमिनीवर. २००५ सालच्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि पुष्कळ हळद आणि पुष्कळ पेवंही गेली. बंद तोंड हवेला अडवतं. पाण्याला अडवायला आणखी काही लागतं.

तोच प्रश्न फौजांपुढे होता. इंग्रजांच्या काळात सुटी दारू लाकडी पिंपांत ठेवत आणि पिंपांना पट्ट्या घालत त्या तांब्याच्या; लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडू नये म्हणून. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ साली. पुढे धातूच्या काडतुसांचे दिवस आले. ती लाकडी पेट्यांत भरायची, पेटीला आतून कल्हईच्या पत्र्याचं अस्तर, आणि सांधे डाग देऊन बंद केलेले. माल कोरडा राही, पण पेटी जड, आणि एकदा अस्तर फोडलं की पुन्हा बंद होत नसे. दुसऱ्या महायुद्धात मशीनगनला काडतुसांचे लांबच लांब पट्टे लागू लागले. जंगलात, चिखलात, बोटीतून माल न्यायचा, वारंवार उघडायचा आणि तितक्याच वेळा बंद करायचा. तेव्हा कडीची पोलादी पेटी पुढं आली आणि लाखांनी निघाली. त्यानंतरच्या वर्षांत तिच्यात सुधारणा होत गेल्या, पण मूळ कल्पना बदलली नाही.

त्या युद्धात हिंदुस्थानच्या फौजेत पंचवीस लाखांहून अधिक माणसं होती. आपला सातारा-सांगली भाग हा तर शिपायांचा मुलूख. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाच्या नावामागं ‘मिलिटरी’ हा शब्दच कायमचा जोडला गेला आहे. गावोगावचे तरुण मराठा पलटणीत होते, परदेशच्या रणांगणावर होते. आणि त्याच वर्षांत त्याच गावांतले दुसरे तरुण इंग्रजी सत्तेविरुद्ध भूमिगत झाले होते. म्हणजे एका भावाच्या हाताशी सरकारी काडतुसांच्या पेट्या, आणि दुसऱ्या भावाजवळ एकेका काडतुसाची वानवा!

कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. तुफान सेना १९४३ साली इथं उभी राहिली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवली, तेव्हा जवळ होते काठ्या, कोयते आणि थोडे गावठी बॉम्ब. शस्त्रं आणायची तर गोव्याकडून, आणि तिथं पोर्तुगीज पोलिसांचा पहारा. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी उतारवयात एक हकिकत सांगितली आहे. गोव्यातलं काम उरकून परतताना वाटेत मांडवी नदी आली आणि नाव मिळेना. तेव्हा मच्छीमारांच्या जाळ्यात गुंडाळलेली एक पेटी सापडली. हौसाताई त्या पेटीवर पालथ्या पडल्या आणि सोबती बाजूनं पोहत राहिले; अशी रात्रीच्या अंधारात नदी पार झाली. पेटी कशासाठी बनली होती हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. ती बंद होती, तरंगत होती, तेवढं पुरेसं होतं. हौसाताई २०२१ साली गेल्या.

१९४५ साली युद्ध संपलं. फौजेपाशी सामानाचे डोंगर उरले: गाड्या, तंबू, ब्लँकेटं, बूट, जेरीकॅन, पेट्या. अमेरिकन फौजाही आपला पुष्कळ माल इथंच सोडून गेल्या. हा माल विकायला सरकारनं वेगळं खातं उघडलं, आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आपल्या बोलीत शिरला. पुढं खरेदीचं आणि विक्रीचं खातं एकत्र झालं. ते २०१७ साली बंद झालं. पण शब्द अजून मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ऐकू येतो.

लोकांनी हा माल कसा वापरला? जसा हाती आला तसा. कल्याणजवळ फौजेच्या छावणीच्या बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी तिथं संसार मांडले आणि त्याचंच १९४९ साली उल्हासनगर झालं. तिथल्या वस्त्यांना आजही ‘कॅम्प’ म्हणतात. युद्धकाळात लोखंड-पोलादावर सरकारी नियंत्रण होतं. शेतकऱ्याला साधी पट्टी मिळायची मारामार. अशा वेळी घट्ट झाकणाचा पोलादी डबा कोण सोडील? तसंही आपली बाईमाणसं या कलेत फौजेच्या पुढं आहेत. रॉकेलचा चौकोनी डबा रिकामा झाला की त्याचं झाकण कापायचं, कडा ठोकून घ्यायच्या, आडवी काठी बसवायची, की झाली पाण्याची बादली. गंज चढला की तोच डबा दाण्यासाठी, आणि अगदीच फाटला की उलगडून छपराला. आज १५ किलोचा तेलाचा डबा हेच करतो आहे. दारूगोळ्याची पेटी या कुळात नंतर आली, इतकंच.

युद्धाचं लोखंड शेताला लावायचा आणखी मोठा दाखला तर कुंडलच्या शेजारीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना उभारला. काट्याकुट्यांची आणि सापांची ती जागा. जवळच्या रेल्वे स्टेशनचं नाव तेव्हा कुंडल रोड. पुढं ते किर्लोस्करवाडी झालं. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या वर्षांत, परदेशचं लोखंड येईना. नांगर ओतायचे कशातून? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला! शिक्षक बंधूंनी मुलांना इतिहास शिकवताना हे जरूर सांगावं. तोफ भट्टीत गेली तेव्हा तिचं रूप बदललं. पेटीचं तेवढंही बदलावं लागत नाही. तिला नुसतं रिकामं करायचं आणि दुसऱ्या मालानं भरायचं.

तर मग घरात तिचा उपयोग काय काय?

पहिला उपयोग बियाण्याचा. वर सांगितलेल्या मापाच्या पेटीत सुमारे पाच किलो ज्वारी मावते. रब्बी ज्वारीला एकरी चार किलो बियाणं लागतं. म्हणजे एक पेटी, एक एकर. हिशेब लक्षात ठेवायला सोपा. गावरान वाण, भाजीपाल्याचं बी, कडधान्याचं बी यांना ही पेटी फार मानवते, कारण भुंगा आणि सोंडे बाहेरून शिरू शकत नाहीत आणि आत असतील त्यांचा जीव घुसमटतो. मात्र एक अट आहे, आणि ती न पाळणाऱ्याचं बी पेटीतच कुजेल. बी खडखडीत वाळलेलं पाहिजे. हवाबंद पेटी बाहेरची ओल आत येऊ देत नाही, तशीच आतली ओल बाहेरही जाऊ देत नाही. ओलं बी आत कोंडलं की त्याला बुरशी धरते. बियाण्यातली ओल शेकडा एकानं कमी झाली की त्याचं आयुष्य ढोबळ मानानं दुप्पट होतं, असं बीजशास्त्र सांगतं.

बी वाळलं की नाही हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे, ती शाळेतही करता येईल. काचेची कोरडी बरणी घ्या. तिच्यात मूठ-दोन मुठी दाणे आणि चमचाभर अगदी कोरडं मीठ टाका. झाकण लावून चांगली हलवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं, तर दाण्यात ओल शेकडा पंधराच्या वर आहे. आणखी उन्हं द्या. मीठ सुटंच राहिलं, तर दाणा साठवणीजोगा वाळला आहे. हवाबंद ठेवायच्या बियाण्याला त्यानंतरही दोन उन्हं जास्त दिली तर चांगलंच. फक्त पेटी बंद करण्याआधी बी सावलीत थंड होऊ द्या. गरम बी भरलं तर आत घाम धरतो.

दुसरा उपयोग कागदपत्रांचा, आणि कृष्णाकाठच्या मंडळींनी याकडे विशेष लक्ष द्यावं. २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षं आठवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ या गावांत पाणी घराघरांत शिरलं. जीव वाचवताना भांडी गेली, धान्य गेलं, ते कष्टानं पुन्हा उभं करता येतं. पण भिजून लगदा झालेला खरेदीखताचा कागद, मुलाचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक यांची नक्कल काढायची म्हणजे कचेऱ्यांचे खेटे, आणि तेही नेमके मदत मिळवायच्या दिवसांत. नेहमीच्या मापाचा कागद मधोमध एक घडी घातली की या पेटीत उभा राहतो. पावसाळ्याच्या तोंडाला सगळे कागद एका पेटीत, पेटी माळ्यावर, आणि घरातल्या प्रत्येकाला तिची जागा माहीत. निघायची वेळ आली की एका हातात मूल, दुसऱ्या हातात पेटी.

पण भरवसा ठेवण्याआधी पेटीची परीक्षा घ्या. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद घाला, कडी लावा आणि पेटी हौदात तासभर बुडवून ठेवा. वर दगड ठेवावा लागेल, कारण हौसाताईंच्या पेटीसारखी हीही तरंगते. काढल्यावर बाहेरून पुसून मग उघडा. कागद कोरडा, तर पेटी पास. ओला झाला, तर रबराची पट्टी वाळून चिरली आहे. ती बदला, नाही तर त्या पेटीत खिळे-मोळे ठेवा. आणखी एक ध्यानात असू द्या. ही पेटी पाण्याशी लढते, आगीशी नाही. पत्रा जळत नाही, पण तापतो, आणि आतला कागद करपतो.

तिसरा उपयोग हत्यारांचा. विहिरीवरच्या मोटारीचे पाने, फ्यूजची तार, वायसर, पक्कड एका पेटीत असली, की पावसात शेतात नेता येते आणि बसायला पाटही होतो. शाळेत प्रथमोपचाराचा डबा म्हणून ती उत्तम: बँडेज, कापूस, पट्ट्या कोरड्या राहतात आणि उंदीर लागत नाहीत. फक्त मीठ आणि रासायनिक खत यात ठेवू नका, पत्रा खाऊन टाकतात. आणि कीटकनाशकाला जी पेटी दिली, ती पुन्हा कधीही बियाण्याला किंवा औषधाला देऊ नका.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पेटी रिकामीच घ्यावी, आणि विश्वासाच्या ठिकाणाहून, सरकारी लिलावातून आलेला माल विकणाऱ्याकडूनच घ्यावी. माळावर, ओढ्यात, गोळीबाराच्या मैदानाजवळ पडलेली पेटी किंवा गोळा कधीही उचलू नये. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या हद्दीत २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसं दगावली. रोजंदारीवर आलेली आसपासच्या गावांतली माणसंही त्यांत होती. लाओस देशात १९६४ ते १९७३ या काळात विमानांतून बॉम्बचा पाऊस पडला. तिथले लोक बॉम्बच्या टरफलांचे घराला खांब करतात, अॅल्युमिनियम वितळवून चमचे करतात. पण न फुटलेल्या बॉम्बनं तिथं अजून माणसं मरतात. भंगाराच्या चार पैशांसाठी जिवाशी खेळ नको. मुलांना शाळेत हे शिकवा: ओळखीचं नसलेलं लोखंड दिसलं तर हात लावायचा नाही, लांब उभं राहायचं, पोलीस पाटलांना सांगायचं.

आणलेली पेटीसुद्धा सरळ दाण्याला लावू नका. आतून साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा, उन्हात उघडी टाकून वास जाऊ द्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून खायचं धान्य तिच्यात ठेवू नये, आणि बियाणंही कापडी पिशवीत घालून मगच ठेवावं. बाहेरचे जुने आकडे आणि अक्षरं रंगानं पुसून टाका, आणि आपल्या अक्षरात लिहा: वाण कोणता, साल कोणतं, शेत कोणतं.

आज्ञापत्रातल्या हवालदाराला आठ-पंधरा दिवसांनी फेरी घालावी लागे. आपल्याला तेवढं नको. कागदांची पेटी वर्षातून एकदा, मृगाच्या आधी उघडावी, रबराची पट्टी बोटानं चाचपून पाहावी, कडीला तेलाचा थेंब द्यावा आणि पुन्हा बंद करावी. बियाण्याची पेटी मात्र पेरणीलाच उघडावी; उगाच उघडझाप केली की दमट हवा आत गेलीच. एवढी शिस्त पाळली तर पाऊस कितीही पडो, पेरणीच्या दिवशी बी कोरडं निघेल आणि पूर ओसरल्यावर सातबारा वाचता येईल.